मास्टर असिआमाचं उघडं काम

त्या गुरुवारी बिरागो सुआमेच्या गॅरेजगल्लीत पोचली तेव्हा तिच्या वडिलांचे फक्त पाय दिसत होते. बाकीचा माणूस हिरव्या पिकअपच्या पोटाखाली होता. पायांत टायर कापून केलेल्या चपला होत्या, आणि एक पाऊल कसल्याशा तालावर हलत होतं. म्हणजे काम मनासारखं चाललं होतं.

"पापा, जेवण आणलंय."

"आधी गाडीत बस," खालून आवाज आला.

"मक्याचं केंके थंड होईल."

"केंके थंडच खातात. गरम लागतं ते शाळामास्तरांना. बस म्हणतो ना."

बिरागो मुलींच्या शाळेत साहित्य शिकवायची. वडिलांच्या तोंडी 'शाळामास्तर' हा शब्द शिवीलाही यायचा आणि कौतुकालाही. इस्त्रीचा स्कर्ट सावरत ती स्टीअरिंगमागे बसली. काय करायचं ते तिला सांगावं लागत नव्हतं. चाक जरासं डावीकडे, जरासं उजवीकडे, पुन्हा डावीकडे, ताक घुसळावं तसं एका लयीत. खाली मास्टर असिआमा स्टीअरिंगच्या झिजलेल्या सांध्यावर पंजा ठेवून पडले होते. सांधा बोलायला लागतो त्याच्या कितीतरी आधी तो हाताला कळतो, असं ते म्हणायचे. गल्लीतले बाकीचे फिटर कान लावायचे. हे हात लावायचे.

"मेलाय," खालून निकाल आला. "दोन्हीकडचे मेलेत. तरीच म्हणतोय, ही बाई रस्त्यावर झोकांड्या का खातेय."

"तुम्हीच अशी चालवत होतात ना इतके दिवस?"

"स्टीअरिंगवाल्याची गाडी आणि वैद्याचा खोकला, दोन्ही सगळ्यांच्या शेवटी बरे होतात."

दुपारभर ती बाकावर बसून निबंध तपासत राहिली. त्यांनी ड्रायव्हरच्या, म्हणजे तिकडे डाव्या, बाजूचा सांधा बदलला, चाक चढवलं, चाकावरची झाकणाची थाळी तळहाताने ठोकून बसवली आणि जॅक उजवीकडे नेला. उजवीकडचा मेलेला सांधाही काढून झाला. जागी लावायचा दुसरा त्यांनी कोटाच्या खिशातून फडक्यात गुंडाळलेला काढून तिला दाखवला. मुठीएवढं लोखंड, त्यातून वर आलेला बोटभर दांडा, तो दांडा आतल्या गोळीवर सगळ्या बाजूंना कलणारा.

"नवा आहे?"

"नवा कशाला? नवा डब्यातून येतो, आणि डब्यावर काय, काहीही लिहितात. हा परदेशात कुणाच्या तरी गाडीखाली बर्फात चालून आलाय. परीक्षा देऊन आलेला माल आहे हा." त्यांनी दांडा अंगठ्याने कलवला. तो हळू, मधात फिरल्यासारखा कलला आणि तिथेच थांबला. "बघ. ह्याला म्हणतात घट्ट. सगळा पावसाळा शोधत होतो. ह्या जातीच्या गाड्याच उरल्या नाहीत आता."

ऊन कलल्यावर त्यांनी हात पुसले आणि केंके सोडलं. मिरचीच्या चटणीत बिरागोच्या हातचं मीठ नेहमीच कमी पडतं यावर दोघांचा थोडा वाद झाला. सांधा त्यांनी बाकावर ठेवला. "उरलेलं उद्या," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आंघोळीचं पाणी काढलं. ते पाणी बादलीत तसंच राहिलं.

*

मास्टर असिआमा क्वाहूच्या डोंगरावरचे. कुमासी शहरात सगळा जन्म काढला तरी माणूस शेवटी आपल्या आईच्या घराण्याचा, आणि ते घराणं वर डोंगरमाथ्यावर होतं. त्यांच्याकडच्या हिशेबात बिरागो वडिलांच्या घराण्यात मोडत नव्हती. ती तिच्या आईच्या. पण बापाची शवपेटी मुलांनीच आणायची असते. आणि मुलं म्हणजे ती एकटीच होती.

देह घराण्याने आधीच वर नेऊन शवागारात ठेवला होता. काही आठवड्यांनी दफनाचा दिवस ठरला तसा घराण्याचे वडीलधारे ओपानिन डार्को यांचा फोन आला.

"पेटी शुक्रवारी उजेडी वर यायला हवी. रात्री त्याला पेटीत निजवायचंय. आणि गाडीही घेऊन ये, पोरी. गाडी घराण्याची."

"हो, नाना."

"चालते ना ती?"

बिरागोने श्वास घेतला. "चालते."

"कारण मला वेगळंच ऐकू आलंय. नसेल चालत तर पायथ्याच्या न्कॉकॉला ट्रॅक्टर पाठवतो. दोर बांधून ओढून आणू." म्हातारा हसला, दुष्टपणाने नव्हे, पण हसला. "स्टीअरिंगचा एवढा मोठा मास्टर, आणि त्याची स्वतःची गाडी गळ्यात दोर घालून बाजारातून येतेय. माणसं अंत्ययात्रा विसरतील, हे नाही विसरणार."

"दोर नको, नाना. मी आणते."

पिकअप त्या गुरुवारपासून तशीच उभी होती, उजवं अंग विटांवर आणि चाक शेजारी आडवं. गल्लीत तिला कुणी बोट लावलं नव्हतं, आणि लावणारही नव्हतं.

कारण गल्लीचा नियम होता. ज्या हाताने काम उघडलं त्याच हाताने ते बंद करायचं. दुसऱ्याने बंद केलं तर आधीच्याच्या सगळ्या चुका त्याच्या नावावर चढतात, आणि आधीचा मेलेला असेल तर चुकांबरोबर आणखीही काही चढतं. ते काय, हे कुणी सांगायचं नाही. नुसते खांदे उडवायचे.

"मी तुझ्या बापाबरोबर शिकलो," वोफा ट्वुमासी म्हणाले. ते तिच्या आईकडच्या गावचे, म्हणून लहानपणापासून वोफा, म्हणजे मामा. समोरच्याच शेडमध्ये त्यांचं गिअरचं काम चालायचं. आता ते जुन्या टायरवर बसले होते, दोन्ही हात काखांत दाबून. जणू हात आपणहून पान्याकडे धावले असते. "एका ताटात जेवलो. तो म्हणाला असता मर, तर मेलो असतो. पण तो मेल्यावर त्याचं उघडं काम बंद कर म्हणशील तर नाही. मला नातवंडं आहेत."

"मग कोण करणार?"

"त्याचं रक्त करू शकतं. रक्ताला चालतं."

"वोफा, मी शाळेत शिकवते."

"पाने कोण द्यायचं त्याला? मी? तेराचा मागितला की चौदाचा कुणी आणून दिला नाही कधी. गल्लीतल्या अर्ध्या गाढवांपेक्षा तुला जास्त येतं. मी इथून सांगतो ना. तोंडाला बंदी नाही."

"तुमच्या तोंडाला कधीच नव्हती."

"हां, आता बोललीस बापासारखी."

तिने स्कार्फ डोक्याला आवळून बांधला आणि बाकाकडे वळली. तिथे तिला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

बाकावर सांधे दोन होते.

एक मेलेला, गाडीतून काढलेला. एक जिवंत, लावायचा. दोन्ही जुने, दोन्ही कुणाच्या तरी गाडीखाली चालून आलेले, एका मापाचे, एका रंगाचे. फडकं कुणीतरी उचलून नेलं होतं. एवढ्या आठवड्यांत दोघांवर सारखीच धूळ बसली होती आणि दमट हवेने दोघांनाही सारखाच तांबूस गंज चढला होता. नवा डब्यातला असता तर आंधळ्यालाही कळलं असतं. पण या गल्लीत नव्याला कोण विचारतो?

तिने एक उचलून दांडा कलवला. घट्ट. दुसरा उचलला. तोही घट्ट.

"वोफा."

"दिसतंय मला." ट्वुमासींचा आवाज खाली आला होता. "गंजाने धरलेत. मेलेला सांधा गंजला की जिवंत असल्याचं सोंग आणतो."

"तुम्ही बघा ना हातात घेऊन."

"ते मागू नकोस."

"नुसतं हातात घ्यायचं."

"बिरागो, मी तुला सांगितलं ना, नको मागू!" ते जवळजवळ ओरडले. मग शरमले आणि टायरवरून उठून पाठ फिरवून उभे राहिले. तेव्हा तिला कळलं की हा नियम नुसता सांगायचा नव्हता. तो म्हातारा खरंच घाबरला होता, आणि तिच्यापेक्षा जास्त.

तिने पत्र्याच्या डब्यात रॉकेल ओतलं आणि दोन्ही सांधे त्यात बुडवले. मग एकेक काढायचा, घासायचा, दांडा पुढे-मागे कलवायचा आणि पुन्हा बुडवायचा. बोटांची कातडी पांढरी पडली. दोघेही घट्टच राहिले. ऊन छपरावरून सरकत गेलं. पुन्हा घासायचं, पुन्हा कलवायचं. मग एकाचा दांडा एकदम सैल होऊन तिच्या अंगठ्याखाली पडला, झोपलेल्याची मान पडावी तसा. तिने तो कानाशी हलवला. आत खुळखुळ होती.

"हा मेलेला," ती म्हणाली.

"आणि दुसरा?"

दुसरा अजून हळू, जड कलत होता. पण तो मधात फिरल्यासारखा होता की वाळूत, हे तिला ठरवता येईना. पापांच्या अंगठ्याखाली तो कसा कललेला तिने पाहिला होता, पण पाहणं वेगळं आणि अंगठ्याला माहीत असणं वेगळं.

"दुसरा जिवंत," ती म्हणाली.

बसवताना ट्वुमासी दुरून सांगत राहिले, आणि सांगायची गरज नसलेलंही सांगत राहिले. सांधा किती आटे फिरवून बसवायचा हा हिशेब मास्टर काढतानाच मनात धरायचे. तो त्यांच्याबरोबर गेला. म्हणून चाक चढवून दोरी लावायची ठरली. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणून चाक सरळ रेषेत आलं की नाही ते बघायचं. दुसरं टोक धरायला माणूस हवा होता.

"दोरी धरणं म्हणजे काही हात लावणं नव्हे," ट्वुमासी स्वतःशीच म्हणाले. "दोरी माझी आहे. गाडीची नाही." आणि त्यांनी टोक धरलं.

सांध्याचा दांडा भोकात बसला. खाचांचा नट आवळून तिने खाचेतून पिन घातली, पिनेचे पाय पकडीने दोन बाजूंना दुमडले आणि बोटाने ओढून पाहिली. मग तिने डाव्या बाजूकडे पाहिलं. थाळी बसवलेलं चाक जमिनीवर टेकून उभं होतं.

"तिकडचंही एकदा बघून घेऊ?"

"काय बघणार? ते बंद काम आहे. त्याने चाक चढवलं, थाळी ठोकली, जॅक काढला. मास्टरने बंद केलेलं उघडून बघायचं म्हणजे मेलेल्या माणसाच्या तोंडात बोट घालून दात मोजायचे. एवढा भरवसा नाही बापावर?"

"आहे."

"मग?" ट्वुमासींच्या चेहऱ्यावर त्या दिवसात प्रथमच हसू आलं. "तू नसशील भरवसा ठेवत तर कोण ठेवणार? आठवतं? स्टीअरिंगचं काम झालं की गिऱ्हाईक कुरकुरायचं, म्हणायचं, उतारावर धरेल ना मास्टर? तो एक शब्द बोलायचा नाही. तुला उचलून पुढच्या सीटवर ठेवायचा. 'माझी पोर बसलीय. एकुलती एक. चला.' आणि गाडी न्यायचा थेट त्या नाल्याच्या उतारावर, आणि तिथे दोन्ही हात सोडायचा! आम्ही म्हणायचो, काय पोर आहे, हसत बसते! तुला बघूनच अर्धी गल्ली त्याच्याकडे गाड्या द्यायची."

"हो," बिरागो म्हणाली आणि पकड फडक्याने पुसू लागली.

तिला तो उतार आठवला. सीटचं रेक्झिन फाटलेलं असायचं आणि तिची बोटं आतल्या स्पंजात रुतलेली असायची. नाल्याकडचा कठडा मोठा होत जायचा. शेडजवळ उतरल्यावर पापा विचारायचे, "काय गं, कशी वाटली?" आणि ती म्हणायची, "छान."

*

शुक्रवारी सकाळी पेटी पिकअपच्या मागच्या भागात चढवली. पापांची धाकटी बहीण, आत्या अफ्राकोमा, बरोबर येणार होती. तांबड्या-काळ्या वस्त्रात ती पुढच्या सीटवर मावेनाशी झाली होती. निघण्याआधी तिने पेटीचं झाकण उचलायला लावून भावाचं एक जुनं वस्त्र आत ठेवलं.

"रिकामी पेटी रस्त्यावर न्यायची नाही. रिकामीला भूक लागते," ती म्हणाली. मग दार दोनदा आपटून बंद करत, "आणि तू पोरी, नीट चालव. पेटीत जागा एकाचीच आहे."

"आत्या!"

"खरं तेच सांगतेय. मी तर आत मावणारही नाही."

ट्वुमासी शेडच्या दाराशी उभे होते. त्यांनी दारूच्या बाटलीतले चार थेंब जमिनीवर सांडले आणि मास्टरचं नाव घेतलं. गाडी निघाली तेव्हा त्यांनी हात हलवला नाही. हात पुन्हा काखांत होते.

सपाट रस्त्याला गाडी बरी चालली. थोडी उजवीकडे ओढत होती; दोरीचं काम जेमतेमच जमलं होतं. बिरागो स्टीअरिंग दोन्ही हातांनी धरून बसली होती आणि तळव्यांतून खालचा रस्ता चाचपत होती. प्रत्येक खड्ड्याला मनात म्हणत होती, मधात की वाळूत? एजिसू गावाच्या पुढे एक धक्का बसला आणि खाली काहीतरी टक् झालं.

"काय वाजलं?"

"पेटी," आत्या म्हणाली. "तुझा बाप झोपेतही कुशी बदलायचा."

"पेटीत कोणी नाहीये, आत्या."

"म्हणून काय झालं? सवय लावून घेतेय."

तिने पुन्हा कान दिला. टक्. कधी मागून आल्यासारखं वाटे, कधी पायांखालून. न्कॉकॉ येईपर्यंत तिचा ब्लाउज पाठीला चिकटला होता. तिथे डोंगर एकदम समोर उभा राहिला आणि रस्ता त्याच्या अंगावर चढू लागला.

चढ लागला तशी पेटी मागे सरकून फाळक्यावर आदळली, आणि सगळा भार मागे गेला. पुढची चाकं हलकी झाली. हे असं होतं हे बिरागोला माहीत होतं. पापांनीच सांगितलेलं, चढावर भार मागे गेला की स्टीअरिंग हलकं लागतं, घाबरू नये. पण माहीत असण्याचा हाताला काही उपयोग नव्हता. चाक तिच्या मुठीत कशालाच बांधलेलं नसल्यासारखं फिरलं. एका बाजूला कातळ होता. दुसऱ्या बाजूला, पलीकडच्या पट्ट्यानंतर, नुसते झाडांचे शेंडे.

"हळू," आत्या म्हणाली. तिच्या आवाजातली चेष्टा गेली होती.

"हळूच आहे."

वरच्या वळणावरून केळ्यांनी लादलेला ट्रक खाली आला, रस्त्याच्या मधोमध, भोंगा वाजवत. बिरागोने चाक कातळाकडे वळवलं. गाडी लगेच वळली नाही. आधी काहीच झालं नाही, मग खाली खाडकन वाजलं, मग गाडी वळली. ट्रक आरसा घासून गेला. आत्याने येशूला हाक मारली आणि मागोमाग आपल्या आईला.

"हे पेटीचं नव्हतं," बिरागो म्हणाली.

"थांब मग! थांबव!"

"चढावर कशी थांबवू? पुढे जागा दिसू दे."

पुढची दोन वळणं तिने श्वास न घेता काढली. दर वेळी चाक फिरवलं की आधी ते पोकळ, मग खाडकन, मग वळण. तिला आपल्या अंगठ्याची चीड आली. वाळूच होती. मेलेलाच सांधा तिने लावला होता, आणि पापांनी सगळा पावसाळा शोधून आणलेला जिवंत सांधा बाकावर रॉकेलच्या डब्यात पडला होता. ओपानिन डार्को दोर घेऊन खाली येतील आणि दोर दरीत सोडावा लागेल.

कातळाला टेकून एक रुंद जागा आली. तिने गाडी तिथे घुसवली आणि हँडब्रेक ओढला. आत्या उतरली ती आधी मागच्या चाकांमागे दगड लावायला. मग मोठ्याने बडबडत तिने कातळावरच्या झुडपाच्या हिरव्या फांद्या मोडल्या आणि वळणाआधी रस्त्यावर पसरल्या, खालून येणाऱ्यांना कळावं म्हणून.

"आता इकडे ये, आत बस," बिरागो म्हणाली. "चाक डावीकडे-उजवीकडे हलव. हळू. ताकद लावू नकोस."

"मला गाडी चालवता येत नाही!"

"चालवायची नाहीच. नुसतं हलवायचं."

ती उजव्या चाकाशी आडवी झाली आणि हात आत घालून आपण लावलेल्या सांध्यावर पंजा ठेवला. लोखंड गरम होतं. वर आत्या चाक हलवू लागली. बिरागोने डोळे मिटले आणि हाताला काय कळतं ते बघत राहिली. काहीच नाही. सांधा जागेवर बसून होता; दांडा गोळीवर शांतपणे सरकत होता, ना खेळ, ना धक्का. तिने पिन चाचपली. पिन होती. अंगठा चुकला नव्हता.

पण खाडकन् वाजत होतं. आत्या चाक हलवत होती आणि पलीकडे वाजत होतं.

बिरागो उठली, बोनेटला वळसा घालून डाव्या बाजूला आली आणि तिथे चाकासमोर उभी राहिली. थाळी तशीच होती, पापांनी तळहाताने ठोकून बसवलेली. ती पुन्हा आडवी झाली आणि हात आत घातला.

सांधा तिच्या पंजाखाली उडी मारत होता. तिने नट शोधला. तो बोटांनी फिरला. तिने खाच चाचपली, मग भोक, मग पुन्हा खाच. पिन नव्हती. मोडलेलीही नव्हती, घातलेलीच नव्हती. नट शेवटच्या आट्यांवर आला होता आणि त्या एवढ्याशा धाग्यावर गाडीचं डावं चाक, पेटी, आत्या आणि ती स्वतः डोंगर चढून आली होती.

"काय झालं?" वरून आत्या. "बोल की!"

"थांब जरा. हलवू नकोस."

तिला उठवेना. एक गाडी खालून आली, फांद्यांना वळसा घालून भोंगा देत गेली. कदाचित दोन्ही बाजू झाल्यावर, दोरी लावून झाल्यावर, अगदी शेवटी दोन्हीकडच्या पिना घालायच्या असं त्यांच्या मनात असेल. पुष्कळ फिटर तसं करतात. कदाचित विसरले असतील. त्या दुपारी ती तिथेच बाकावर होती, निबंधांत स्पेलिंगच्या चुका काढत. विचारायला आता कुणी नव्हतं. पण हे काम बंद नव्हतं. ते उघडं होतं, आणि गल्लीतल्या प्रत्येकाने, तिनेसुद्धा, केवळ मानापोटी त्याकडे पाहिलं नव्हतं.

तिने सीटमागची पापांची पिशवी ओढली. पाना, पकड, पिनांची डबी. पडून, एका कुशीवर, मान वाकडी करून तिने नट आवळला, आणखी आवळला, खाच भोकासमोर आणली. पिन पहिल्या खेपेला हातातून सुटली आणि गवतात पडली. दुसरी आत गेली. तिने पिनेचे पाय दुमडले.

"पुन्हा हलव."

आत्याने हलवलं. पंजाखाली आता फक्त लोखंड होतं.

ती बाहेर आली तेव्हा वस्त्राला चिखल लागला होता आणि कोपर सोललं होतं. आत्या पलीकडे सरकली आणि तिच्याकडे बघत राहिली.

"कुणाची चूक होती?"

"काम अर्धं राहिलं होतं," बिरागो म्हणाली.

आत्याने उतरून दगड काढले, गाडी सुरू झाली आणि पुन्हा चढाला लागली. आता चाक फिरवलं की गाडी फिरत होती, ताबडतोब, आज्ञेत. मागे पेटी फाळक्यावर वाजत होती, पण ती पेटीच होती. पुढचं वळण आलं तेव्हा दरी त्यांच्या बाजूला आली आणि खाली न्कॉकॉची छपरं ओंजळभर दिसली. सगळं ठीक होतं. आणि तरीही बिरागोची बोटं चाकावर इतकी आवळली होती की नखांखाली पांढरं पडलं होतं.

आत्याने ते पाहिलं. "आता कशाला घाबरतेस? तुझा बाप मला काय सांगायचा, माझी बिरागो कशाला म्हणून घाबरत नाही. तिला कुठल्याही गाडीत बसवा."

बिरागोने आरशात पाहिलं. आरशात पेटीचं एक टोक दिसत होतं, आणि त्यामागे खाली पडत जाणारा रस्ता.

"पापा," ती म्हणाली. आवाज मोठा निघाला, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचायचा तसा. आत्या दचकून वळली.

"पापा, मला भीती वाटायची. प्रत्येक वेळी. तुम्ही हात सोडायचात तेव्हा मला वाटायचं मी मरणार, आणि मी हसायचे. तुम्ही विचारायचात कशी वाटली, मी छान म्हणायचे. मला छान नाही वाटायची. मला भीती वाटायची, पापा. आत्ताही वाटतेय."